कडबा कोणाच्या अभ्यासक्रमात?

२०२५ च्या पावसाळ्यात राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषीसमकक्ष दर्जा द्यायचं ठरवलं. विजेचा दर असो, कर्जावरच्या व्याजाची सवलत असो, गोठा, कोंबड्यांची शेड आणि शेळ्यांचा वाडा यांना आता शेतीच्याच मापाने मोजायचं, असा त्या निर्णयाचा सारांश. निर्णय चांगला आहे. पण तो घ्यावा लागला, याचा अर्थ तोवर सरकारदरबारी जनावर शेतीच्या बाहेर होतं. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आणि चार शेळ्या आहेत त्या माणसाला हे सांगून पाहा. तो तुमच्याकडे बघतच राहील.

सरकारने चूक सुधारली. कृषी विद्यापीठांनी अजून सुधारलेली नाही. चार वर्षांच्या कृषी पदवीत जनावर येतं, पण पाहुण्यासारखं येतं. कृषी पदवीत काय शिकवायचं हे देशभरासाठी ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात 'पशुधन व कुक्कुटपालन व्यवस्थापन' हा चार श्रेयांकांचा एक विषय आहे: आठवड्याला तीन तास वर्ग आणि एक प्रात्यक्षिक. सगळ्या पदवीचे श्रेयांक एकशे सत्तर-ऐंशीच्या घरात जातात, त्यांतले हे चार. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी, त्यांच्या जाती, पैदास, आहार, गोठ्याची बांधणी, रोग, लसीकरण, सगळं त्यात बसवायचं. शेवटच्या वर्षी कुणी दुग्धप्रक्रिया किंवा कुक्कुटपालनाचा अनुभवाधारित गट निवडला तर त्याला थोडं जास्त मिळतं. बाकीचे कोंबडीचा खाद्य-रूपांतर दर (किती खाद्यात किती वजन) पाठ करून पुढच्या सत्रात कीटकशास्त्राकडे वळतात.

प्रात्यक्षिक परीक्षेचं टेबल ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कानात मारायचा बिल्ला, वळूच्या नाकातली वेसण, खच्चीकरणाचा चिमटा, सडात घालायची नळी, कासदाह तपासायचा काळ्या जाळीचा पेला. प्रत्येक वस्तूसमोर चिठ्ठी, दोन मिनिटं, घंटा, पुढची वस्तू. मग वहीत गाईच्या बाह्य अंगांची आकृती: वशिंड, पोळी, खूर, शेपटीचा गोंडा. आकृती सुबक असेल तर दोन गुण जास्त. गाईला रोज काय घालायचं आणि त्याला किती पैसे पडतात, हे या टेबलावर कुठेच नसतं.

आता आकड्यांकडे पाहू. देशाच्या शेती व संलग्न क्षेत्राच्या मूल्यवर्धनात पशुधनाचा वाटा २०१४-१५ मध्ये सुमारे २४ टक्के होता, २०२२-२३ पर्यंत तो ३० टक्क्यांवर गेला. २०२३-२४ मध्ये देशाचं दूध २३ कोटी ९० लाख टनांच्या पुढे गेलं. शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नाची २०१८-१९ ची राष्ट्रीय पाहणी सांगते की सरासरी कुटुंबाच्या महिन्याच्या १०,२१८ रुपयांपैकी पिकातून ३,७९८ आणि जनावरांतून १,५८२ रुपये आले. पिकाने शंभर दिले तर जनावराने चाळीसहून जास्त. कोरडवाहू भागात, जिथे खरीप गेलं की हातात काही राहत नाही, तिथे शेळी विकूनच शाळेची फी भरली जाते. त्या चाळीस रुपयांसाठी पदवीतले चार श्रेयांक.

पण श्रेयांक वाढवा एवढंच म्हणणं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. चाराचे आठ केले आणि त्यातही बिल्ले-चिमटेच ओळखायला लावले तर काहीही बदलणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. कृषी पदवीत जनावर शिकवताना आपण पशुवैद्यकाची छोटी, पातळ आवृत्ती शिकवतो. कृषी पदवीधराला जे कायद्याने करता येणार नाही त्याची तोंडओळख करून देतो आणि जे त्याच्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही ते सोडून देतो.

हे असं का झालं याला इतिहास आहे. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं १८८६ मध्ये. पुण्याचं कृषी महाविद्यालय त्यानंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभं राहिलं. दोन्हींचा जन्म इंग्रजी राजवटीच्या गरजांतून झाला, आणि दोन्हींनी आपापली कुंपणं घालून घेतली: एकीकडे घोडे, गुरं आणि साथी, दुसरीकडे कापूस, ऊस, माती. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या भू-अनुदान महाविद्यालयांचा, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीच्या बळावर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांचा, नमुना आपण उचलला. १९६० मध्ये पंतनगरला त्या धर्तीवरचं पहिलं कृषी विद्यापीठ निघालं. त्या मूळ नमुन्यात जनावर कृषी महाविद्यालयाच्या आतच होतं: पैदास, आहार, मांस, दूध हे विषय कृषीचे, आणि उपचार हा पशुवैद्यकाचा स्वतंत्र व्यवसाय. दुधातली फॅट मोजायची पहिली सोपी पद्धत १८९० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या कृषी महाविद्यालयात स्टीफन बॅबकॉक यांनी बसवली. बॅबकॉक हे कृषी-रसायनशास्त्रज्ञ. आज डेअरीत दुधाचा दर ज्या फॅटवर ठरतो ती मोजायची रीत पशुवैद्यकाच्या दवाखान्यातून आलेली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे सुरुवातीची तीस वर्षं तरी दोन्ही विद्या एका छपराखाली नांदल्या. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय दापोलीच्या विद्यापीठाकडे होतं, नागपूरचं अकोल्याकडे, परभणीचं परभणीकडेच. मग २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि पशुवैद्यक महाविद्यालयं तिकडे गेली. पशुवैद्यकांच्या दृष्टीने ते योग्यच होतं. कृषी विद्यापीठात त्यांच्या वाट्याला निधी आणि मान दोन्ही कमी येत, ही तक्रार जुनी होती. पण त्या वाटणीत कृषीच्या बाजूला जे उरलं, म्हणजे पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभाग, त्याची अवस्था वाटणीनंतर जुन्या वाड्यातल्या उरलेल्या खोलीसारखी झाली. विभाग आहे, गोठा आहे, काही चांगले प्राध्यापकही आहेत. पण हा विभाग नक्की कशासाठी, याचं उत्तर कुणी नव्याने मांडलं नाही.

या विभागांनी काही केलं नाही असंही नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तयार झालेली 'फुले त्रिवेणी' ही गाय होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची आहे, आणि ती कृषी विद्यापीठातच घडली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळी होण्याचा जनुक दख्खनी मेंढीत आणला. ती संस्थाही शेतीसंशोधनाचीच. म्हणजे कृषीवाल्यांना जनावराचं काय कळतं, असं म्हणायची सोय नाही. आणि फलटणच्या त्या मेंढीतच पुढचा धडा आहे. एका वेताला दोन कोकरं झाली तर आईला चारा जास्त लागतो. तो नसेल तर दुसरं कोकरू जगत नाही. पैदासीचं काम संपतं तिथे रानाचं काम सुरू होतं.

कृषी पदवीतलं पशुविज्ञान इथून सुरू व्हायला हवं. त्याला सगळ्यात चांगलं उदाहरण ज्वारीचं. सोलापूर, बीड, नगर या पट्ट्यात रब्बी ज्वारी म्हटलं की आजही मालदांडी. मोहोळच्या केंद्रातून आलेलं हे वाण स्वातंत्र्याच्या आधीचं. त्यानंतर कितीतरी सुधारित वाणं आली, काहींचं धान्याचं उत्पन्न कागदावर चांगलं सरस होतं. तरी शेतकरी पुन्हा पुन्हा मालदांडीकडे गेला. भाकरीची चव हे एक कारण. दुसरं कारण कडबा, म्हणजे कणसं खुडल्यावर उरणारा वाळका चारा. उंच ताट, गोड, जनावर चवीने खातं, आणि शेकड्याने विकला तर दुष्काळी साली त्याचे पैसे धान्याच्या जवळपास जातात. शास्त्रज्ञ हेक्टरी क्विंटल मोजत होते आणि शेतकरी क्विंटल अधिक पेंढ्या मोजत होता. ठेंगण्या वाणाने त्याचा अर्धा माल कमी केला होता आणि वरून त्यालाच अडाणी ठरवलं जात होतं. वाणनिवडीचा धडा शिकवणाऱ्या प्राध्यापकाने कडब्याला हिशेबात धरलं असतं तर हा घोळ कितीतरी आधी मिटला असता. पण कडबा त्याच्या विषयात येत नव्हता. तो पशुसंवर्धन विभागाचा, आणि पशुसंवर्धन विभागाकडे ज्वारीचा प्लॉट नव्हता.

मग मराठवाड्यात आणि विदर्भात खरिपाची ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं. सोयाबीनने पैसा दिला, नाकारायचं कारण नाही. पण ज्या रानातून घरच्या जनावरांना वर्षभराचा कडबा मिळे त्या रानातून आता शेंगांचा भुसा म्हणजे गुळी मिळते, विदर्भात जिला कुटार म्हणतात. तीही मळणीयंत्राच्या मागे पडलेली, अर्धी मातीत मिसळलेली. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ या दुष्काळांत चारा छावण्या लागल्या. तेव्हा पावसाला दोष देऊन आपण मोकळे झालो. पाऊस कमी होता हे खरंच. पण वीस वर्षांत पीकपद्धती बदलताना चाऱ्याचं काय होणार, हा प्रश्न कोणत्याच बैठकीत कुणाचा नव्हता. आणि छावणीत जनावरांसमोर काय पडलं? बऱ्याच ठिकाणी ऊस. सर्वांत जास्त पाणी पिणारं पीक दुष्काळात जनावरांना चारायचं, आणि याला नियोजन म्हणायचं.

उसावरून वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रात तोडणी सुरू झाली की वाढ्यांच्या मोळ्या रस्त्याकडेला उभ्या राहतात. हंगामाचे चार-पाच महिने कित्येक गोठ्यांत हिरवा चारा म्हणजे वाढेच. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते खाद्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवतं. गाय भरपूर खाते, पोट भरलेलं दिसतं, आणि व्याल्यावर ताठ उभी राहत नाही. डॉक्टर येतात, शिरेतून कॅल्शियम देतात, गाय उठते, शेतकरी हात जोडतो, बिल देतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यावरचे उपाय सगळे दवाखान्याच्या बाहेरचे आहेत: वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडणं, खनिज मिश्रण देणं, आणि मुख्य म्हणजे उसाच्या बांधाला, पाटाच्या कडेला किंवा चार गुंठ्यांत घास, दशरथ, मका असं काहीतरी लावून वाढ्यांचा वाटा कमी करणं. चार गुंठ्यांत कोणतं चारापीक कधी लावायचं, त्याला पाणी किती, कापणी किती दिवसांनी, हे पशुवैद्यकाला विचारून उपयोग नाही. ते पीकशास्त्र आहे. आणि आपल्या कृषी पदवीत चारापिकं शिकवतात तेव्हा गाय समोर नसते, गाय शिकवतात तेव्हा चारापीक समोर नसतं.

तिसरं उदाहरण बाजाराचं, आणि ते मला सगळ्यात झोंबतं. लातूरच्या मुलाच्या घरी सोयाबीन आहे, तो कृषी पदवीला आहे. त्याला विचारा, भाव का पडला? तो सांगेल, आयात, तेल, सरकार. यातलं खोटं काहीच नाही. पण सोयाबीन गाळल्यावर निघणाऱ्या पेंडीचं मोठं गिऱ्हाईक कोंबडी आहे, आणि कोंबडीचं खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंड, हे त्याच्या डोक्यात पक्कं नसतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन कडाडलं तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. त्याच काळात लातूरचा शेतकरी त्या निर्णयावर चिडला होता. एकाच जिल्ह्यात एका घराला पेंड महाग हवी आणि शेजारच्या शेडवाल्याला स्वस्त हवी. पुढे मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल बनू लागलं, त्याचा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, स्वस्तात मिळू लागला आणि खाद्य कारखान्यांनी सोयापेंडीचं प्रमाण घटवलं. म्हणजे गाडीत कोणतं इंधन घालायचं या धोरणाने कोंबडीच्या खाद्यातून फिरून लातूरच्या आडतीत भाव पाडला. ही साखळी ज्याला दिसते तो कृषी पदवीधर. ती दाखवणारा तास सध्याच्या वेळापत्रकात सापडत नाही. विपणनाच्या तासाला कोंबडी नाही, कोंबडीच्या तासाला बाजार नाही.

आता पशुवैद्यकांच्या हरकतीकडे येऊ, कारण ती खोटी नाही. त्यांचं म्हणणं असं की कृषीवाल्यांना पशुविज्ञान जास्त शिकवलं की ते उद्या पिशवीत इंजेक्शन घेऊन गावात फिरतील. गावोगाव असे 'डॉक्टर' आधीच आहेत. चुकीची प्रतिजैविकं, अर्धवट मात्रा, पान्हा सोडायला टोचलेलं इंजेक्शन, हे सगळं चालतं आणि त्याची किंमत जनावर आणि दूध पिणारा दोघेही मोजतात. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणी उपचार करू नयेत. ते तसंच राहावं. किंबहुना कृषी पदवीत रोगांच्या उपचारावर जो वेळ जातो तो काढूनच टाकावा, असं माझं मत आहे. गोचिडांतून पसरणाऱ्या थायलेरिया या तापावर कोणतं औषध, हे त्या मुलाने पाठ करून काय करायचं? त्याने गोचीड ओळखावा, गोठ्याच्या भिंतीतल्या फटी बुजवाव्यात, आणि ताप दिसला की डॉक्टरांना फोन करावा.

२०२२ मध्ये गुरांचा लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा ही विभागणी उघडी पडली. लसीकरणाचा सगळा भार पशुवैद्यकीय यंत्रणेवर आला, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना द्यायची होती, आणि पदवीच्या शेवटच्या टप्प्यातले पशुवैद्यक विद्यार्थीसुद्धा गावोगाव उतरवले गेले. त्यांनी मोठं काम केलं. पण लम्पी पसरतो तो चावणाऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत. उकिरडा गोठ्याला किती लागून आहे, शेणाचा ढीग कसा झाकायचा, पाणी कुठे तुंबतं, माशीचं जीवनचक्र किती दिवसांचं, हे शिकू शकली असती अशी हजारो मुलं त्याच वेळी कृषी महाविद्यालयांच्या वर्गांत कीटकशास्त्र शिकत होती. भाताच्या खोडकिडीवर. गोठ्यातली माशी त्यांच्या अभ्यासात कीटक म्हणून येत नव्हती. डॉक्टरांना त्या वेळी नेमकी असल्या मदतीची गरज होती, आणि त्यात कुणाच्या अधिकारावर आक्रमण होण्याचा प्रश्नच नव्हता.

तालुक्याच्या दवाखान्यातला पशुधन विकास अधिकारी गावात जातो तो बहुधा जनावर खाली बसल्यावर. त्याच्याकडे आधी जायला वेळ नाही आणि त्याच्या हाताखाली माणसंही नाहीत. कृषी सहायक गावात जातो तो पीक उभं असताना. दोघांचे विभाग वेगळे, वरिष्ठ वेगळे, उद्दिष्टांचे तक्ते वेगळे. शेतकऱ्याचं घर मात्र एकच, आणि त्या घराच्या ओसरीवर हे दोघे एकाच वेळी कधी बसलेले दिसत नाहीत.

आणखी एक माणूस त्या ओसरीवर येतो: बँकेचा कृषी अधिकारी. बँकांच्या कृषी अधिकारी भरतीत कृषी पदवीधर मोठ्या संख्येने बसतात, आणि दहा गाईंच्या गोठ्याचं कर्ज मंजूर करायचं की नाही हे पुढे त्यांच्याच टेबलावर ठरतं. असे प्रकल्प अहवाल डोळ्यांखालून घालून पाहा. दहा गाई, गाईमागे रोजचे पंधरा लिटर, वर्षाचे ३६५ दिवस: ५४,७५० लिटर. टायपिस्टने केलेला गुणाकार बरोबर असतो. पण गाय वर्षभर दूध देत नाही. एक वेत साधारण ३०५ दिवसांचं, आणि दोन वेतांतलं अंतर आपल्याकडे चौदा महिन्यांवर जाणं अगदी नेहमीचं. म्हणजे दहांतल्या सातच गाई एका वेळी दुधात, तीन भाकड. पंधरा लिटर हा आकडा व्याल्यानंतरच्या भरातला, सगळ्या वेताची सरासरी समजा अकरा. सात गुणिले अकरा गुणिले ३६५: २८,१०५ लिटर. निम्म्याच्या आसपास. भाकड गाय चारा खातच असते, शिवाय दुधाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग चारा-खाद्याचाच. अहवालातला नफा इथेच संपला. कर्ज मंजूर होतं, दोन वर्षांत थकतं, आणि मग 'दूधधंद्यात राम राहिला नाही' अशी बातमी येते. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचे भाव कोसळले तेव्हा सरकारला लिटरमागे पाच आणि नंतर सात रुपये अनुदान द्यावं लागलं. भाव पडले हे खरं, त्यात दूध संघ आणि पावडरीचा बाजार दोषी हेही खरं. पण आधीच चुकीच्या गुणाकारावर उभे असलेले गोठे पहिल्या धक्क्याला आडवे झाले. हा गुणाकार तपासायला पशुवैद्यक लागत नाही. कृषी पदवीच्या एका प्रात्यक्षिकात तो शिकवून होतो.

याच गुणाकारात नर वासरू कुठे बसतं, हा प्रश्न वर्गात सहसा कुणी काढत नाही. संकरित गोऱ्हा औताला चालत नाही, ट्रॅक्टरच्या गावात औत राहिलेलंच नाही, २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग त्याचं करायचं काय? लिंगनिश्चित रेतमात्रा, म्हणजे बहुतेक कालवडीच जन्माव्यात असं निवडलेलं वीर्य, हे उत्तराचं एक टोक. दुसरं टोक राजकारणात आहे आणि त्यावर माझं मत काहींना आवडणार नाही: ज्या धोरणाचा खर्च शेतकऱ्याने उचलायचा त्याचा हिशेब निदान विद्यापीठात तरी मोकळेपणाने मांडता यायला हवा. 'वासरांचे संगोपन' या धड्यात चीक पाजण्याची वेळ आहे, शिंगं खुंटवण्याचं वय आहे. नको असलेल्या वासराबद्दल एक ओळ नाही.

सगळं काही नव्याने उभारायला हवं असं नाही, कारण एक चांगली जागा आपल्याकडे आधीपासून आहे. शेवटच्या वर्षी मुलं ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला जातात. त्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो. स्थानिक वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या फोटोसह येतात: अमुक गावात कृषिकन्यांकडून निकृष्ट चाऱ्यावर युरिया प्रक्रियेचं प्रात्यक्षिक. शंभर किलो वाळक्या चाऱ्याला चार किलो युरिया, पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत शिंपडायचा, दाबायचा, झाकायचा, एकवीस दिवस ठेवायचा. फोटो पहिल्या दिवशी निघतो. खरं शिक्षण एकविसाव्या दिवशी असतं, ताडपत्री उघडल्यावर, जेव्हा अमोनियाचा वास नाकात जातो, चारा पिवळसर-तपकिरी झालेला असतो, आणि गाय आधी तोंड फिरवते. तेव्हा चारा थोडा वेळ हवेशीर पसरायचा, पहिले काही दिवस साध्या चाऱ्यात थोडा थोडा मिसळायचा, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला द्यायचा नाही. युरिया नीट विरघळला नसेल आणि खडा गाईच्या तोंडी गेला तर गाय मरू शकते. हे सांगायला त्या दिवशी कृषिकन्या हजर आहे का? आणि समोर कोण आहे? प्रात्यक्षिक ग्रामपंचायतीसमोर, सरपंच आणि पाच-सहा पुरुषांपुढे झालं. गोठ्यात वैरण टाकणारी, धार काढणारी, गाय आज कमी का खाते हे सर्वांत आधी ओळखणारी बाई त्या फोटोत नाही. ती त्या वेळी गोठ्यातच होती. कृषिकन्या तिच्यापर्यंत सहज पोचू शकते, कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा सहज. आपण तिला बॅनर धरायला उभं करतो.

म्हणून माझी मागणी अशी. नव्या शैक्षणिक धोरणाला धरून सहाव्या अधिष्ठाता समितीचा अभ्यासक्रम आता लागू होतो आहे, त्यात कौशल्याचे विषय निवडायला थोडी मोकळीक आहे. ती मोकळीक वापरून गावातल्या त्या मुक्कामात प्रत्येक विद्यार्थ्याला एक गोठा द्या. दाखवायला नको, हिशेबाला द्या. जनावरं किती, दुधात किती, भाकड किती, रानात कोणतं पीक, त्यातून वैरण किती, विकत किती, शेण कुठे जातं, दूध कोणत्या फॅटला आणि कोणत्या भावाने गेलं. आठवडाभरात हे कागदावर येतं. मग त्या घरच्या बाईसोबत बसून त्याच रानात, त्याच पैशांत वैरणीची पुढच्या वर्षाची आखणी करायची. मका कधी लावायचा म्हणजे दाणे चिकात असताना कापून मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, घालता येईल, वाढे किती महिने चालतील, सोयाबीनची गुळी मळणीच्या दिवशीच ताडपत्रीवर कशी धरायची. गुण त्या आखणीला द्यायचे. तोंडी परीक्षेला पीकशास्त्राचा एक, पशुसंवर्धनाचा एक आणि कृषी अर्थशास्त्राचा एक असे तिघे परीक्षक एकत्र बसवायचे. हे तिघे एका टेबलाशी बसले तरी निम्मं काम होईल, कारण ते एरवी बसत नाहीत.

परभणीसारख्या ठिकाणी, जिथे कृषी आणि पशुवैद्यक महाविद्यालयं शेजारीशेजारी आहेत, तिथे चौथा परीक्षक भिंतीपलीकडून बोलावता येईल. विद्यापीठं दोन आहेत, कुलगुरू दोन आहेत, त्यामुळे एकमेकांचे श्रेयांक ग्राह्य धरायला सामंजस्य करार लागेल. करार करायला विद्यापीठांना आवडतं, परदेशी विद्यापीठांशी तर फारच. हा एक शेजाऱ्याशी करावा.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयं लगेच विचारतील की आमच्याकडे एवढी जनावरं कुठे आहेत. त्यांच्याकडे नसतील. गावात आहेत. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात तीन कोटींहून जास्त पशुधन आहे, त्यातल्या शेळ्याच कोटीभर. शिकवायला गोठा बांधण्याचा खर्च नाही, बससाठी डिझेल लागेल आणि प्राध्यापकाला आठवड्यातून एक दिवस चिखलात जावं लागेल. डिझेलची तरतूद करता येते. दुसऱ्या गोष्टीसाठी पदोन्नतीच्या गुणपत्रकात एक रकाना वाढवावा लागेल: शोधनिबंध किती याच्या शेजारी, या वर्षी किती गोठ्यांचा वैरणीचा हिशेब बसवून दिला.